उंबरठ्याच्या आतला कारखाना : घरी राबणाऱ्या आईला उमेद कुठून मिळत असे?

१/
मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि लाखो घरांत एक प्रश्न एकाच वेळी उभा राहिला. काम घरात, मूल घरात, स्वयंपाक घरात. वरिष्ठ समोर नाही, सहकारी शेजारी नाही, सुटीची घंटा नाही. अशा वेळी सकाळी उठून कामाला बसण्याचे बळ कुठून आणायचे? सुशिक्षित मध्यमवर्गाला हा प्रश्न नवा वाटला. मुंबईतील चाळींना आणि सोलापुरातील विडी कामगारांच्या वस्त्यांना तो कित्येक दशकांपासून परिचित होता. त्या घरांनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांचा हा इतिहास.

२/
मुळात घर आणि कामाची जागा निराळ्या असाव्यात, ही कल्पनाच अलीकडची आहे. कुंभाराचे चाक अंगणात फिरत असे, सोनाराची भट्टी ओसरीवर पेटत असे. येवल्याच्या पैठणी विणकराचा माग आजही अनेक ठिकाणी राहत्या घरातच असतो. बाप मागावर, आई सूत उकलण्यात आणि मुले कांड्या भरण्यात, अशी ही रचना होती. तिथे पालकपण आणि काम यांत सीमारेषाच नव्हती. मूल बापाच्या मांडीशेजारी वाढे आणि वाढता वाढता धंदा शिके. यात जिव्हाळा होता, तसे बालपणाचे लवकर संपणेही होते.

३/
ही रचना मोडली ती गिरणीने. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा ‘गिरणगाव’ झाला. आता दिवसाची वाटणी सूर्य करीत नव्हता. भोंगा करीत होता. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद. माणसाच्या मनाला कामाकडे ढकलणारी एक बाहेरची शक्ती इतिहासात प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर अवतरली.

४/
या गिरण्यांत स्त्रियाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. सूत गुंडाळणे आणि लडी तयार करणे या खात्यांत त्या मुख्यतः काम करीत. परंतु त्यांच्या तान्ह्या मुलांचे काय? अनेक माता मुलाला अफूमिश्रित ‘बाळगोळी’ देऊन निजवीत आणि पाळीला जात. तत्कालीन डॉक्टरांनी व समाजसेवकांनी या प्रथेविषयी वारंवार लिहिले आहे. मूल शांत निजावे म्हणून दिलेली ती गोळी ममतेच्या अभावातून आलेली नव्हती. गिरणीच्या वेळापत्रकात बाळाला जागाच ठेवलेली नव्हती.

५/
१९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. कायदा न्याय्य होता. पण त्याच सुमारास गिरण्यांत यंत्रांचे व श्रमांचे ‘सुसूत्रीकरण’ सुरू झाले आणि स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती. मालकांच्या हिशेबात बाईपेक्षा पुरुष कामगार सोयीचा ठरू लागला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. गिरणीचे दार बंद झाले. पोट मात्र बंद झाले नाही. मग चाळीतील दहा बाय दहाची खोली हाच तिचा कारखाना झाला.

६/
या घरगुती कारखान्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे खानावळ. कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुसंख्य कामगार कुटुंब गावी ठेवून एकटेच गाळ्यांत राहत. त्यांच्या जेवणाची सोय शेजारची एखादी बाई करी. नवरा आजारी, बेकार किंवा मृत असणे, मुलांचे शिक्षण किंवा गावचे देणे, यांपैकी काहीतरी तिला चुलीशी उभे करी. या बायांना कोणी ‘उद्योजिका’ म्हटले नाही. जनगणनेच्या आणि कामगारांच्या नोंदींतही त्या बहुधा ‘गृहिणी’ म्हणूनच राहिल्या.

७/
खानावळवाल्या बाईचा दिवस गिरणीच्या पाळ्यांना बांधलेला होता. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचे जेवण दुपारी आणि रात्रपाळीवाल्यांचे संध्याकाळी. मधल्या वेळात बाजार, दळण, पाणी, भांडी. त्याच खोलीत मूल अभ्यास करी, त्याच खोलीत पाहुणा निजे. म्हणजे घरी राहूनही तिच्या आयुष्यात भोंगा होताच. पंधरावीस माणसे वेळेवर जेवायला येणार आहेत, ही जाणीव तिला रोज पहाटे उठवीत असे. उमेद हा शब्द तिने कदाचित उच्चारलाही नसेल. तिच्यासाठी ती पंगतीच्या रूपात दाराशी उभी असे.

८/
तथापि या चित्राला रम्य मानणे चूक ठरेल. कामगार जेवणाचे पैसे पगारानंतर देई; वाण्याला मात्र धान्याचे पैसे आधी हवे असत. मधली दरी सावकार भरून काढी. बाईच्या अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडे आणि कष्टाचा मोठा हिस्सा व्याजात जाई. दिवसभर राबून महिन्याच्या अखेरीस आपल्या हाती काय उरले, हे तिलाच सांगता येत नसे. श्रमाची कमतरता नव्हती; श्रमाचे फळ डोळ्यांना दिसत नव्हते. माणसाची उमेद नेमकी इथे मरते.

९/
१९७४ च्या आरंभी गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. कामगारांच्या हाती पैसा नव्हता. तरी खानावळवाल्यांनी त्यांना उधारीवर जेवू घातले. संपाला जगविणारी ही शक्ती कोणत्याही व्यासपीठावर नव्हती. संप संपला आणि या बाया कर्जात बुडालेल्या आढळल्या. ही गोष्ट ज्यांनी ओळखली, त्या प्रेमाताई पुरव. गोवा मुक्तीच्या लढ्यात तरुण वयात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत रमलेल्या प्रेमाताईंनी एक साधा प्रश्न विचारला : संपात उपाशी न ठेवणाऱ्या या बायांची संघटना का नसावी?

१०/
१९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे राहिले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेले होते आणि दुर्बल घटकांसाठी अल्प व्याजाच्या कर्जाची योजना कागदावर आलेली होती. मंडळाने ती चाळीत आणली. १४ जणींच्या पहिल्या गटाला राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. तारण ठेवण्यासाठी त्यांच्याजवळ काही नव्हते. त्या एकमेकींना जामीन राहिल्या. सावकाराच्या दारात मान खाली घालून उभी राहणारी बाई आता बँकेच्या कागदावर स्वतःच्या नावापुढे सही किंवा अंगठा करू लागली.

११/
या बदलाचे मोल केवळ व्याजदरात मोजता येत नाही. घरात एकटीने राबणाऱ्या स्त्रीला आपल्यासारख्या आणखी तेरा जणी असल्याचे कळले. तिच्या थकण्याला साक्षीदार मिळाला. हप्ता चुकला तर शेजारीण अडचणीत येईल, ही जबाबदारीही आली. चूल तीच, खोली तीच, मुले तीच. परंतु कामाला नाव मिळाले, हिशेब मिळाला आणि संगत मिळाली. १९८२ च्या महासंपानंतर गिरणगाव कोसळू लागले, तेव्हा या बायांचे गिऱ्हाईकच हरपले. तरीही संघटना टिकली आणि इतर कामांकडे वळली.

१२/
आता गिरणगावापासून काही कोसांवरच्या गिरगावाकडे वळू. दि. १५ मार्च १९५९ रोजी ‘लोहाणा निवास’ या चाळवजा इमारतींच्या समूहात सात गुजराती गृहिणी गच्चीवर जमल्या. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका परिचित व्यापाऱ्याने ती घेतली. या सात जणींत जसवंतीबेन जमनादास पोपट होत्या. हाच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ झाला.

१३/
पहिल्याच वर्षी पावसाने परीक्षा घेतली. पापड वाळणार कुठे? चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला : वर खाटेवर पापड, खाली मंद आच. हे तंत्र कोणत्याही पुस्तकातले नव्हते. पहिल्या वर्षाची विक्री अवघी ६,१९६ रुपये होती. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून होता. पारेख यांनी दोन गोष्टींवर भर दिला : दोन प्रतींचा माल करू नका, एकच उत्तम प्रत ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा.

१४/
खरा कलाटणीचा क्षण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आला. सदस्यांची संख्या तीनशेच्या वर गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. कारखान्याची इमारत बांधावी, एवढे भांडवल नव्हते. तेव्हा निर्णय झाला की पीठ एकत्र मळायचे, गोळे प्रत्येकीने घरी न्यायचे, घरी लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. जागेच्या टंचाईतून ‘घरून काम’ ही पद्धत जन्मली. पण योगायोगाने ती आईच्या दिवसाला नेमकी जुळली. मूल झोपले असता लाटावे, शाळेत गेले असता वाळवावे.

१५/
या पद्धतीकडे इतिहासकाराच्या नजरेने पाहावे. लाटणारी बहीण दिवसभर घरात एकटी असे. पण रोज सकाळी ती घराबाहेर पडे. शाखेत कालचे पापड तोलले जात, तपासले जात, तिच्या लाटणीचा मोबदला ठरे आणि आजचे पीठ हाती पडे. म्हणजे दिवसाला आरंभ होता, शेवट होता आणि कालच्या श्रमाचे वजन काट्यावर दिसत होते. रांगेत चार बायांशी बोलणे होई. कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाची सासू आजारी आहे, हे सर्वांना कळे. गिरणीतला भोंगा इथे नव्हता. त्याची जागा सकाळच्या भेटीने घेतली होती.

१६/
आणखी एक गोष्ट निर्णायक होती. लिज्जतमध्ये कोणी मालक नव्हते आणि कोणी नोकर नव्हते. प्रत्येक सदस्य ‘बहीण’ आणि सहमालक. नफा-तोटा सर्वांचा. निर्णय एकमताने. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पुढे देशभर शाखा पसरल्या आणि बहिणींची संख्या हजारोंच्या घरात गेली. २०२१ मध्ये जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली. ८० रुपयांच्या कर्जापासून ही वाट सुरू झाली होती.

१७/
घरून केलेले प्रत्येक काम असेच फळते का? याचे उत्तर सोलापुरात मिळते. तिथे हजारो स्त्रियांनी, त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली समाजातील अनेकींनी, पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळल्या. पाने आणि तंबाखू घरी न्यायची, वळलेल्या विड्या परत द्यायच्या. वरवर पाहता पद्धत लिज्जतसारखीच. मांडीवर सूप, शेजारी मूल, हात अखंड चालू. मोबदलाही नगावर. तरी या दोन घरांतील दिवसाचा रंग अगदी निराळा होता.

१८/
फरक काट्याच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे, यात होता. विडी तपासणारा हा कारखानदाराचा किंवा ठेकेदाराचा माणूस असे. ‘माल वाईट’ म्हणून तो विड्यांची छाट काढी. छाटलेल्या विड्यांचा मोबदला मिळत नसे. पाने कमी भरली तर पदरमोड करून पुरी करावी लागत. संख्या पुरी व्हावी म्हणून लहान मुलीही वळायला बसत आणि तंबाखूची धूळ सगळ्या घराच्या श्वासात जाई. दोन्हीकडे आईला मुलांसाठीच काम करायचे होते. एकीकडे त्या इच्छेला न्याय्य मोल मिळाले. दुसरीकडे तीच इच्छा स्वस्त श्रम मिळविण्याचे साधन झाली.

१९/
म्हणूनच १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा महत्त्वाचा. घरी कच्चा माल नेऊन विडी वळणारी व्यक्तीसुद्धा ‘कामगार’ आहे, असे या कायद्याने स्पष्ट मान्य केले. उंबरठ्याच्या आत केलेले काम हे काम आहे, हे राज्यसंस्थेला कायद्यात लिहावे लागले. पुढे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी आणखी एक मूलभूत मागणी केली : घर. ज्याचे घर हीच कामाची जागा, त्याला घर म्हणजे निवारा आणि कारखाना दोन्ही. दीर्घ लढ्यानंतर सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिला कॉ. गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे.

२०/
या तीन कथा शेजारी ठेवल्या की काही गोष्टी ठळक होतात. उमेद टिकली तिथे श्रमाचे फळ लवकर आणि डोळ्यांना दिसेल असे मिळत होते. दिवसातून एकदा तरी आपल्यासारख्या माणसांची भेट होत होती. कामाला आरंभ आणि शेवट होता. निर्णयात आपला वाटा होता. खचली तिथे यांतले एकेक गळत गेले : व्याजात फळ हरपले, ठेकेदाराच्या छाटीत न्याय हरपला, चार भिंतींत संगत हरपली. मुलांवरचे प्रेम तिन्ही ठिकाणी सारखेच होते. प्रेमाने माणूस कामाला बसतो. तो कामावर टिकेल की नाही, हे मात्र कामाची रचना ठरविते.

२१/
या इतिहासात एक उणीव सतत जाणवते. खानावळ, पापड, विडी, तिन्ही ठिकाणी ‘पालक’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘आई’ असाच राहिला. लिज्जतची बहीण सहमालक झाली. पण पीठ घेऊन घरी परतल्यावर चूल, पाणी आणि मुलांचा अभ्यास तिचीच वाट पाहत असे. तिच्या कमाईने घरातला तिचा शब्द वजनदार झाला, परंतु घरकामाची वाटणी क्वचितच बदलली. ‘घरी बसून करते’ या वाक्यातला ‘बसून’ हा शब्द तिच्या श्रमांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय करीत आला आहे.

२२/
हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना स्थापिली आणि घरी गोधड्या शिवणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून ओळख मिळावी, यासाठी लढा दिला. तो आवाज जिनिव्हापर्यंत पोहोचला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी, म्हणजे घरी बसून उत्पादन करणाऱ्यांविषयी, १७७ क्रमांकाचा करार संमत केला. इतर कामगारांसारखीच वागणूक त्यांना मिळावी, हे त्याचे सूत्र. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

२३/
२०२० मध्ये संगणकासमोर बसलेल्या आईबापांनी ‘मन लागत नाही’ अशी तक्रार केली, तेव्हा बहुतेकांनी दोष स्वतःच्या स्वभावाला दिला. गिरगावच्या त्या सात जणींची कहाणी वेगळे सुचविते. त्यांनी निश्चयाची शपथ घेतली नाही. त्यांनी वजनकाटा आणला, वही ठेवली, सकाळची भेट ठरविली आणि पाऊस आला तेव्हा खाटेखाली स्टोव्ह पेटविला. घर आणि मुले तीच राहिली. मधली व्यवस्था बदलली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीठ न्यायला पुन्हा बाया आल्या.

(धागा समाप्त)